सायकलच्या हँडलवरची तिसरी चिठ्ठी

मी जिथे नोकरी करते तिथे दिवसाची सुरुवात चिठ्ठ्या वाचण्यापासून होते. आता त्या संगणकावर येतात, तरी सगळे त्यांना चिठ्ठ्याच म्हणतात. अणुवीज केंद्रात काम करणाऱ्या कुणालाही, झाडणाऱ्या बाईपासून शिफ्टच्या मुख्य इंजिनिअरपर्यंत, काही वावगं दिसलं की त्यानं चिठ्ठी लिहायची. पंपाखाली तेलाचा डाग आहे. जिन्यातला दिवा गेला आहे. व्हॉल्व्हवरची पाटी पुसट झाली आहे. काय दिसलं, कुठे आणि केव्हा दिसलं, एवढंच. कुणाची चूक हे लिहायचं नाही, आणि आम्हीही ते विचारायचं नाही. आमचा लहानसा विभाग त्या चिठ्ठ्या वाचतो, ज्याचं काम त्याच्याकडे पाठवतो आणि काम झालं की चिठ्ठी बंद करतो. बंद करण्याआधी ज्यानं ती लिहिली त्याला कळवावं लागतं.

हे काम मला सोपं गेलं, कारण त्यात फार बोलावं लागत नाही. माझा हात विशेष करून एका कामात चांगला बसला. एकाच दोषाबद्दल दोन-तीन जण लिहितात. दिवा एकच, चिठ्ठ्या तीन. मग पहिली ठेवायची आणि बाकीच्या तिला जोडून बंद करायच्या. मी हे इतक्या झटपट करते की बरोबरचे लोक त्यांच्या दुहेरी चिठ्ठ्या माझ्याकडेच सरकवतात.

चिठ्ठीची ही शिस्त मी नोकरीत शिकले नाही, घरी शिकले. माझे बाबा याच केंद्रात फिटर होते. भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याहून तरुणपणी निघाले आणि रेल्वेनं एक अख्खा दिवस लागतो एवढ्या लांब, केंद्राच्या कॉलनीत येऊन राहिले. मी तिथेच जन्मले.

एक दुपार मला नीट आठवते. मी तेव्हा तिसरीत असेन. बाबा सकाळची शिफ्ट संपवून जेवायला बसले होते. मधेच त्यांनी खिशातलं पेन काढलं, पाहिलं, आणि ताटावरून उठले. पेनाला टोपण नव्हतं. त्या दिवशी त्यांनी एक मोठा पंप उघडून परत बंद केला होता. तशा जागी आत नेलेली प्रत्येक वस्तू बाहेर येताना मोजून दाखवावी लागते. पेन मोजलं होतं. टोपण कुणी मोजलं नव्हतं.

"अजी, एका टोपणासाठी?" आई म्हणाली. "जेवून त जा."

"पाच मिनिटं," असं म्हणून ते सायकलवर गेले ते संध्याकाळी आले. त्यांनी स्वतःच्याच कामावर चिठ्ठी लिहिली होती. टोपणासाठी पंप पुन्हा उघडला गेला. आत काही नव्हतं. टोपण कपडे बदलायच्या खोलीत बाकाखाली सापडलं. त्यानंतर कॉलनीतले त्यांचे मित्र त्यांना कितीतरी वर्षं 'टोपणवाले' म्हणत. बाबा हसत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की लिहून टाकलं की मन हलकं होतं, आणि मग ते काम वाचणाऱ्याचं.

मला त्यांनी कॉलनीतल्या इंग्रजी शाळेत घातलं आणि घरातही माझ्याशी इंग्रजीच बोलायचं ठरवलं. ते प्लांटचं इंग्रजी होतं, तुटक आणि नेमकं. "लाइट ऑफ?" "होमवर्क क्लोज्ड?" आई मात्र कॉलनीतही कोंढ्याचीच बोली बोलायची. तिचं मला सगळं कळायचं, पण उत्तर मी इंग्रजीत द्यायची, नाहीतर मानेनं. मराठी मी पुस्तकातून शिकले, परीक्षेपुरती. छापलेलं वाचता येतं. हातानं लिहिलेलं मराठी मला आजही अक्षर अक्षर लावत वाचावं लागतं. ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही. इथे सांगते, कारण पुढच्या सगळ्याचा तिच्याशी संबंध आहे.

बाबा निवृत्त झाल्यावर दोघं कोंढ्याला परत गेले. त्याच सुमारास मला केंद्रात नोकरी लागली. बाबांनी गावात दोन खोल्या, ओसरी आणि पुढे अंगण असं घर बांधलं. सकाळी बोडीच्या पाळीवरून चक्कर, म्हणजे गावाच्या लहान तळ्याच्या बांधावरून, आणि संध्याकाळी सायकलनं विहारात वंदनेला. घरापासून विहार पाच मिनिटांवर आहे. वाटेत एकच वळण लागतं.

आणि घरात त्यांनी चिठ्ठ्या सुरू केल्या. जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोन कापायचे, कोपऱ्यात भोक पाडायचं, बारीक तार ओवायची आणि कोऱ्या बाजूला लिहून जिथे दोष असेल तिथे अडकवायचं. आई फोनवर सांगायची, "घर हाय का कारखाना? पाहुणे येतात त हासतात. काल तुह्या बाबानं खिडकीले बांधली, कडी सैल हाय मनून. अजी, सैल हाय त ठोका ना! त मनते, आधी लिवा लागते."

शेजारी एक काका राहतात. ते रोज चहाला येऊन बसतात आणि बाबांची गंमत करतात. दोन वर्षांपूर्वी मी दिवाळीत घरी गेले तेव्हा मी ओसरीत असतानाच ते म्हणाले, "आता आमच्या बकरीलेही एक बांधून टाका. दूध कमी देते मनून लिवा."

"बकरी तुमची हाय," बाबा म्हणाले. "तुमीच लिवा. मी तिले पायलं नाही, मी कसा लिवू?"

आई तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. घरात सगळं ठीक आहे, असं मला वाटलं.

त्या सुट्टीत धानाची कापणी चालू होती. एका संध्याकाळी बाबा शेतावर कापणी पाहायला पायी गेले होते आणि आई काकांच्या घरी बसली होती. मी घरात एकटी होते. मला घरात एकटं असणं आवडतं. वस्तूंकडे नीट बघता येतं. मी चिठ्ठ्या बघत फिरले. स्वयंपाकघरातल्या नळाला चार चिठ्ठ्या होत्या. पहिली मी लावून लावून वाचली. 'नळ. थेंब गळतो. वायसर बदलणे.' दुसरी, तिसरी आणि चौथीही तशीच होती, त्याच शब्दांत, फक्त तारखा वेगळ्या. मी नळाखाली तळहात धरला. कोरडा. वायसर कधीच बदललेला होता. आईनं ते मला फोनवर सांगितलंही होतं.

मी तिथे काही वेळ उभी होते, हे मला आठवतं. काहीतरी टोचलं. आमच्याकडे शिकवतात, की एकच दोष तिसऱ्यांदा लिहून आला तर वस्तूकडे बघणं थांबवायचं आणि कारण दुसरीकडे शोधायचं. मला ते पाठ आहे. नवीन येणाऱ्यांना मीच ते शिकवते.

पण नळ कोरडा होता. दोष दुरुस्त झाला होता आणि चिठ्ठ्या उरल्या होत्या. माझ्या हाताला जे येत होतं ते मी केलं. चारही तारा सोडवल्या. मग खिडकीच्या तीन, दाराच्या दोन. बाबांना बरं वाटेल, असं मनात होतं. त्यांचीच मुलगी, त्यांच्याच केंद्रात शिकलेली, तिनं सगळं कसं नीट लावलं.

शेवटी ओसरीतल्या सायकलकडे आले. हँडलला तीन चिठ्ठ्या होत्या, एकाखाली एक. वरची वाचली. 'मागचा ब्रेक सैल.' दुसरीवर पहिलाच शब्द 'मागचा' दिसला. तिसरीवर चार-पाच ओळी होत्या, बारीक आणि दाटीवाटीनं लिहिलेल्या. मी ब्रेक दाबून पाहिला. चांगला लागत होता. ओसरीत उजेड उतरला होता आणि त्या ओळी लावत बसायचा मला कंटाळा आला. मी तिन्ही काढल्या. आमच्याकडे बंद केलेली चिठ्ठी फेकत नाहीत, म्हणून सगळ्या रबरबँड लावून बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. बाबांचं तारेचं भेंडोळंही त्यातच ठेवलं आणि डबा कपाटावर सरकवला.

बाबा आले. पाय धुवायला जाताना त्यांनी सायकलच्या हँडलकडे पाहिलं आणि तिथेच थांबले.

"टॅग्ज?" त्यांनी विचारलं.

"ऑल क्लोज्ड, बाबा."

"ऑल?"

"ऑल. आय चेक्ड."

ते माझ्याकडे बघत राहिले. आमच्या घरात कुणी कुणाकडे इतका वेळ बघत नाही. मला वाटलं ते खूश झाले आहेत आणि ते दाखवणं त्यांना जमत नाही, जसं मलाही जमत नाही. मी नजर खाली घेतली. मग ते "गुड" म्हणाले आणि पाय धुवायला गेले. रात्रीच्या जेवणापर्यंत ते तीनदा माझ्या खोलीच्या दाराशी आले आणि काही न बोलता परत गेले. एकदा मी विचारलं, "येस, बाबा?" "नथिंग," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी घरात एकही चिठ्ठी लावली नाही. आई फोनवर आनंदानं सांगायची, "तू आली अना तुह्या बाबाचं भूत उतरवून गेली. आता कसं घर घरासारखं दिसते."

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी आईचा फोन ऑफिसात आला. ती कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. आदल्या संध्याकाळी बाबा विहारात म्हणून गेले आणि वंदना संपली तरी तिथे पोचलेच नाहीत. काकांना ते बोडीच्या पाळीवर सापडले. सायकल बाजूला उभी केली होती, चपला काढून नीट जोडून ठेवल्या होत्या, आणि ते पाण्याकडे बघत बसले होते. काका म्हणाले, "चला घरी." बाबांनी विचारलं, "कोनच्या घरी?"

"थट्टा करून राहिले असंन वाटलं त्याइले," आई म्हणाली. "मलेही वाटलं. पण बाई, त्याइनं मले इचारलं, तुमी कोन." मग ती रडली. माझ्यासमोरच्या पडद्यावर त्या दिवशीच्या चिठ्ठ्या उघड्या होत्या.

रजा घेऊन गेले आणि बाबांना नागपूरला दाखवलं. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलत होते. त्यांनी बाबांना वार विचारला, गावाचं नाव विचारलं, घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी गोल सुंदर काढला, हातानं काढलाय असं वाटू नये इतका. आकडे मात्र सगळे उजवीकडे एकावर एक लिहिले. मग डॉक्टरांनी आईला विचारलं, हे कधीपासून आहे.

"या उन्हाळ्यापासून," आई म्हणाली. "त्याच्या आंधी काईच नव्हतं. एकदम चांगले होते."

"एकच गोष्ट परत परत सांगणं? केलेलं काम झालेलं नाही असं वाटणं?"

"नाई जी. असं काई नाई."

मी बाबांच्या शर्टाच्या खिशाकडे बघत होते. खिशात पेन होतं, टोपण लावलेलं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. बाहेर आल्यावर पाण्याची बाटली आत राहिली असं सांगून मी एकटी परत गेले आणि उभ्या उभ्या विचारलं, सहा-सात महिने आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, हा आजार बरा होत नाही. गोळ्यांनी थोडा सावकाश होतो. आधी आला असतात तर थोडा वेळ मिळाला असता. किती, मी विचारलं. त्यांनी हात उघडे केले. ते कुणालाच सांगता येत नाही.

तेव्हा मला वाटत होतं की माझा दोष नळापुरता आहे. चार चिठ्ठ्या, एक कोरडा नळ, आणि मी ते ओळखलं नाही.

बाबांचं इंग्रजी सगळ्यात आधी गेलं. मग प्लांटचं हिंदी. आता कोंढ्याची बोलीच उरली आहे, त्यांच्या आईची. मी ती कधी बोलले नव्हते. इंग्रजीत काही विचारलं की ते माझ्याकडे परक्या माणसासारखं बघून सभ्यपणे हसत. म्हणून मी बोलायला लागले. चुकत, अडखळत. आईला माझं बोलणं ऐकून हसू येतं. "शिकली व माही पोरगी," ती म्हणते. "बाप विसरला तवा शिकली."

या हिवाळ्यात मी पंधरा दिवसांची रजा घेऊन आले आहे. परवा आईला अंगणातल्या पोपटाच्या वेलाचा मांडव बांधायचा होता. वालाच्या शेंगांना आमच्याकडे पोपट म्हणतात. ती म्हणाली, "कपाटावर डबा हाय पाय, त्यात तार हाय." मी स्टुलावर चढून डबा काढला. तारेच्या भेंडोळ्याखाली रबरबँड लावलेला गठ्ठा होता. मी आईला तार नेऊन दिली आणि गठ्ठा घेऊन ओसरीच्या पायरीवर बसले.

सकाळचं ऊन होतं आणि या वेळी मी घाई केली नाही. एकेक चिठ्ठी लावत गेले. नळ. खिडकी. दार. मग ब्रेकची पहिली. दुसरीही ब्रेकचीच. मग तिसरी, जिच्या मागे कुणाच्या तरी लग्नाचा सोनेरी कलश छापलेला आहे. तिच्यावर ब्रेक हा शब्दच नव्हता.

'घर ते विहार. वळणावर वाट आठवली नाही. वेळ संध्याकाळ. पंधरा मिनिटे उभा राहिलो, मग आठवली. आधी असे दोनदा झाले आहे. सायकल ठीक आहे. कारण कळत नाही. कोणीतरी पाहावे.'

खाली तारीख होती. मी दिवाळीला घरी पोचले त्याच्या आदल्या दिवसाची.

मी ती किती वेळा वाचली ते मोजलं नाही. त्यांनी ती आईच्या नजरेस पडेल अशा जागी लावली नव्हती. आईच्या हाताशी चूल, नळ, खिडकी असते. सायकलला ती कधी हात लावत नाही. घरात चिठ्ठ्या वाचायचं ज्याचं काम आहे असं माणूस दुसऱ्या दिवशी येणार होतं, हे त्यांना माहीत होतं. ते माणूस आलं. त्यानं ब्रेक दाबून पाहिला आणि सांगितलं, सगळं बंद केलं, मी तपासलं.

बाबा माझ्याशेजारीच बसले होते, शेंगा सोलत. दाणे टरफलांच्या टोपलीत आणि टरफलं दाण्यांच्या ताटात टाकत होते. आईनं येऊन टोपली आणि ताट यांची अदलाबदल केली आणि परत मांडवाकडे गेली.

"काय वाचून राहिली?" बाबांनी विचारलं.

मला 'काही नाही' म्हणता आलं असतं. 'नथिंग' म्हणता आलं असतं. मी ती चिठ्ठी त्यांना वाचून दाखवली. त्यांनीच लिहिलेली होती, तरी मी अडखळत वाचली. ते हातातली शेंग तशीच धरून ऐकत होते, कपाळाला आठी घालून, जसे पूर्वी प्लांटवरून आलेला फोन ऐकत.

"कोनाची गोष्ट हाय हे?" त्यांनी विचारलं. "कोन वाट चुकला?"

"कोन ते इचाराचं नसते, बाबा."

"बरोबर." त्यांना बरं वाटलं. त्यांनी शेंग सोलली, दाणे हातातच ठेवले. मग म्हणाले, "पाहाले कोनी गेलं होतं का?"

"नाई गेलं. चिठ्ठी बंद केली."

"न पाहता?"

"हो. न पाहता."

अंगणात आई तार पिळत होती. ती आमच्याकडे पाठ करून होती, पण तिचे हात थांबले होते. तिला ऐकू जावं म्हणून मी आवाज थोडा मोठा केला. "मी केली बाबा. दोन वर्सं झाले. मी वाचलीच नाई."

"मंग जेनं लिवलं त्याले सांगतलं का?" बाबा म्हणाले. रागानं नाही. नव्या माणसाला काम शिकवावं तसं. "बंद करताना त्याले सांगा लागते. तो बिचारा वाट पाहत असंन ना."

"आता सांगून राहिली," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि हातातले दाणे माझ्या तळहातावर ठेवले. आई मांडवापासून आली. तिनं माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, उलटी करून सोनेरी कलशाकडे पाहिलं, परत सुलटी केली. ती हळूहळू वाचते, मीही हळूहळू वाचते. तिचे ओठ हलत होते. मी पायरीवर सरकून तिला बसायला जागा केली.